पासंग

एकतीस वर्षं मी मासळी तोलली
पेनिशच्या बंदरावर, पहाटेच्या लिलावात.
सार्डीनच्या पेटीत बर्फ किती, मासा किती,
हे काट्याआधी माझ्या खांद्याला कळायचं.
आता निवृत्त. गुडघे गेले, झोप गेली,
उरली ती बेरजा करायची खोड.

रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात
लॅपटॉप उघडून पोकरला बसतो.
अकरा युरोची स्पर्धा:
दहा बक्षिसाच्या गल्ल्यात, एक कंपनीला.
दारावरच लिहिलेलं असतं.
त्या एकाबद्दल माझी तक्रार नाही.
दलाल म्हटला की दलाली आलीच,
समोर बसून, नाव सांगून घेतलेली.

त्या मंगळवारी बसलो तीनशे बारा जण.
माझे पत्ते असे, की फेकतानाही लाज वाटावी,
म्हणून वेळ घालवायला गुणाकार केला.
तीन हजार एकशे वीस.
पडद्यावर बक्षीस: दोन हजार नऊशे चौसष्ट.

पुन्हा केला, विजेच्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने.
ताळा जुळेना.
एकशे छप्पन युरो
हातचे म्हणून कुणी धरले,
आणि मिळवायचे विसरले?

पासंग कुठे बांधलाय ते शोधत गेलो.
नियम, नियमांखाली अटी,
चौदाव्या कलमात एक फिकट करडी ओळ,
बांगड्याच्या काट्याएवढी:
गल्ल्यातले पाच टक्के, महिन्याच्या विजेत्यांच्या निधीसाठी.
महिन्याचे विजेते म्हणजे
एका वेळी बारा टेबलं खेळणारे,
ज्यांची नावं मी फक्त वरच्या पाटीवर पाहिलीत.
आमच्याकडून त्यांना माणशी पन्नास सेंट.
एवढ्यासाठी कोण भांडेल,
हे आधी तोलून, मग ठरवलेलं माप.

चॅटमध्ये विचारलं, आपला अर्धा युरो कुठे गेला?
'बर्गेनची_बाई' म्हणाली, कुठला अर्धा?
'किंगकोस्तास' म्हणाला, हरायला लागलं की हिशेब सुचतो.
तिसरं कुणी काही लिहीत होतं, ठिपके हलत होते,
तेवढ्यात माझी शेवटची चिप गेली.
बाद झालेल्याला टेबलावर बोलता येत नाही.

मग कंपनीला पत्र.
चौथ्या दिवशी कुणा मिलेनाचं उत्तर:
खेळावरच्या आपल्या प्रेमाबद्दल आभार,
सद्भावना म्हणून आपल्या खात्यात
पन्नास सेंट जमा केले आहेत.

माझे. फक्त माझे.
एकशे पंचावन्न युरो पन्नास सेंट
जिथल्या तिथे.

हसलो. हसता हसता एक डिसेंबर आठवला.
अबिलिओच्या बोटीवर डिझेलची बाकी होती,
घरी ग्रासा तापाने फणफणलेली.
दोन आठवडे मी बर्फ मासा म्हणून लिहिला,
पेटीमागे किलोभर, रोजच्या चाळीस पेट्या.
खरेदीदार आकड्याकडे बघायचे.
पेटीत हात कोण घालतो, त्या गारठ्यात?
नाताळला अबिलिओने घरी सुका कॉड पाठवला,
चांगला चार किलो भरला असता.
मी तोलला नाही.

ते पन्नास सेंट अजून खात्यातच आहेत.
काढता येत नाहीत, निदान वीस युरो लागतात.
त्या रात्रीची यादी मात्र अजून उघडते,
पहिल्यापासून तीनशे बाराव्यापर्यंत,
आणि ग्रासाच्या शाळेतल्या जुन्या वहीत
मी एकेक टोपणनाव उतरवतोय,
प्रत्येकापुढे ०.५०.
किंगकोस्तासपुढेही.
फोनवर ग्रासा विचारते, कशासाठी, बाबा?
मी तिला हवामान सांगतो.

समुद्रावरून वारा सुटला
की बंदरावरचा रिकामा काटाही
वीस-तीस ग्रॅम दाखवायचा.
मी तळहात आडवा धरायचो,
शून्य येईपर्यंत थांबायचो,
मगच पहिली पेटी.

दोनशे चाळिसाव्या नावापर्यंत आलोय.